हिवाळा सरताना सातेरीच्या पेटीची निगा आणि खाद्य

कोकण किनारपट्टीवर हिवाळा सरतो तो साधारणपणे मकरसंक्रांतीपासून शिमग्यापर्यंतच्या काळात. सातेरी मधमाश्यांच्या पेटीत याच दिवसांत मोठी घडामोड चालू असते. राणीमाशीचा अंडी घालण्याचा वेग वाढतो, अळ्यांनी भरलेल्या चौकटी (पोळी धरणाऱ्या लाकडी पट्ट्या) दोनाच्या चार होतात, बाहेर काजू आणि आंबा मोहोरलेला असतो. आणि तरीही नेमक्या याच आठवड्यांत काही पेट्या उपाशी पडतात, तर काही एखाद्या सकाळी अगदी रिकाम्या सापडतात. घरात खाणारी तोंडे वाढलेली असतात, पण मकरंद आणणाऱ्या पोक्त माश्या अजून पुरेशा तयार झालेल्या नसतात. त्यात दोन-चार दिवस मळभ आले किंवा शेजारच्या बागेत फवारणी झाली, की साठा संपायला वेळ लागत नाही.

थंड देशांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत हिवाळ्याच्या अखेरीस माश्यांना साखर देण्याचा सल्ला हमखास असतो. तो सल्ला बर्फाच्या दिवसांत एकमेकींना बिलगून बसणाऱ्या आणि त्या काळात अंडी-अळ्यांचे काम जवळजवळ थांबवणाऱ्या युरोपीय माशीसाठी आहे. आपल्या किनाऱ्यावर जानेवारीतली रात्रही बहुधा 18 ते 20 अंशांच्या आसपास असते, माश्या रोज बाहेर पडतात आणि राणीचे काम चालूच राहते. सातेरीचा खरा उपासमारीचा काळ जून ते सप्टेंबर हा पावसाळ्याचा आहे. त्यामुळे हिवाळा सरताना द्यायचा पाक सरसकट सगळ्या पेट्यांना एकाच मापाने देऊ नये. प्रत्येक पेटी उघडून, आत काय आहे ते पाहून, मगच साखरेच्या पिशवीला हात लावावा.

सहा आठवड्यांचा हिशेब

अंडे घातल्यापासून कामकरी माशी पोळ्यातल्या आपल्या कोठीतून बाहेर पडेपर्यंत सुमारे तीन आठवडे जातात. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे ती घरातच काम करते: कोठ्या साफ करणे, अळ्यांना भरवणे, मेण काढणे, दारावर पहारा देणे. त्यानंतरच ती रानात जाते. म्हणजे आज घातलेल्या अंड्याचा मकरंद गोळा करण्यासाठी उपयोग व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. हे लक्षात घेतले की खाद्याचे वेळापत्रक आपोआप ठरते. जानेवारी-फेब्रुवारीत बहरणाऱ्या काजूसाठी माश्या वाढवायच्या असतील, तर उत्तेजनाचा, म्हणजे राणीने जास्त अंडी घालावीत म्हणून द्यायचा, पातळ पाक मार्गशीर्षातच सुरू व्हायला हवा होता. फेब्रुवारीच्या आरंभी दिलेल्या पाकातून तयार होणारी फौज मार्चच्या उत्तरार्धात आणि एप्रिलमध्ये, म्हणजे अंजनी, करवंद, जांभूळ आणि करंज यांच्या फुलोऱ्याला उपयोगी पडते. ज्यांच्या पेट्या सह्याद्रीच्या पायथ्याशी किंवा जंगलाच्या कडेला आहेत त्यांना हा खर्च परवडतो. ज्यांच्या भोवती केवळ आंब्याची कलमे आणि नारळाची वाडी आहे, त्यांनी फेब्रुवारीत पाक द्यावा तो केवळ उपासमार टाळण्यापुरता.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बाग मोहोराने भरलेली दिसली की माश्यांचे पोट भरले असे अनेक जण धरून चालतात. आंब्याच्या मोहोरावर सातेरी येते, परंतु त्या फुलांतून तिला मिळणारा मकरंद बेताचाच असतो, आणि आंब्याच्या परागीभवनात तऱ्हतऱ्हेच्या साध्या माश्यांचा आणि पोयाच्या बारीक, डंखहीन माश्यांचा वाटा मोठा असतो. काजू त्या मानाने उदार आहे. माळावर आणि रस्त्याकडेला माजलेली रानमोडी शेतकऱ्याला नकोशी असली, तरी तिच्या फुलांवर या दिवसांत माश्यांची गर्दी असते आणि ती सुकली की पेटीचे वजन वाढायचे थांबते. शेवगा, सावर, पांगारा, पळस आणि भातानंतर नदीकाठी लावलेले कलिंगडाचे मळे यांवरही लक्ष ठेवावे. नारळ बारमाही फुलतो व पराग पुरवतो. म्हणूनच किनाऱ्यालगत परागाला पर्यायी पीठ देण्याची गरज सहसा पडत नाही. आपल्या पेटीपासून एक-दीड किलोमीटरच्या परिघात कोणते झाड कोणत्या पंधरवड्यात फुलते याची वही ठेवली, तर दोन वर्षांत ती वही कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक उपयोगाची ठरते.

पेटी उघडून काय पाहावे

तपासणीसाठी कोरडा, वारा नसलेला दिवस आणि सकाळी दहा ते बाराची वेळ निवडावी. धुके असेल तर ते पूर्ण विरू द्यावे. पेटी उघडण्यापूर्वी तिची मागची बाजू हाताने दोन बोटे उचलून वजनाचा अंदाज घ्यावा. काही आठवडे नियमितपणे असे केले की हलकी पेटी कोणती हे हाताला कळू लागते आणि विनाकारण झाकण उघडावे लागत नाही. धुरासाठी नारळाचे सुके सोडण उत्तम, मात्र तो धूर अगदी थोडा द्यावा. जास्त धूर दिला तर सातेरी पोळे सोडून सैरावैरा धावते, राणी शोधणे कठीण होते, आणि वारंवार असा त्रास झाला तर वसाहत पेटीच सोडून जाते. काम दहा मिनिटांत आटोपावे आणि अशी तपासणी आठ-दहा दिवसांतून एकदाच करावी.

प्रथम अंडी पाहावीत. कोठीच्या तळाशी उभे असलेले अंडे त्याच दिवसाचे असते, तिसऱ्या दिवशी ते आडवे होते. त्यामुळे उभी अंडी दिसली तर राणी प्रत्यक्ष न दिसताही ती आहे व कामात आहे हे कळते. एकेका कोठीत दोन-तीन अंडी वेडीवाकडी पडलेली दिसली, तर राणी नाहीशी होऊन कामकरी माश्याच अंडी घालू लागल्याची शक्यता असते. अशा पेटीला कितीही पाक दिला तरी ती सावरत नाही. अंडी-अळ्यांची चौकट बंद कोठ्यांनी सलग भरलेली असावी, मधून मधून विरळ नसावी. तिच्या माथ्यावर किमान दोन बोटे रुंदीचा मधाचा पट्टा असावा, त्याखाली परागाच्या रंगीत कोठ्यांची कमान असावी. चौकटींवर असा पट्टा आहे आणि कडेच्या एका चौकटीत बंद मध आहे, त्या पेटीला पाक देऊ नये. पट्टा नाहीसा झाला आहे, पण अंडी भरपूर आहेत, तिला त्याच संध्याकाळी द्यावा.

तीन चौकटीही माश्यांनी झाकल्या जात नसतील तर पाकाचा विचार नंतर करावा. आधी ती वसाहत दुसरीशी जोडावी. दोन अशक्त पेट्या पाकावर जगवत ठेवल्या तर बहुधा दोन्ही मेणकिड्याच्या (मेणपतंगाच्या अळीच्या) तोंडी जातात, तर जोडलेली एक पेटी हंगाम गाठते. त्यासाठी दोन्ही पेट्या आधी काही दिवसांत थोड्या थोड्या अंतराने जवळ आणाव्यात, दोन राण्यांपैकी निस्तेज राणी काढून टाकावी, आणि दिवेलागणीला एका पेटीच्या चौकटींवर वर्तमानपत्राचा कागद पसरून त्याला टाचणीने चार-सहा भोके पाडावीत व वर दुसरी पेटी ठेवावी. माश्या कागद कुरतडेपर्यंत दोन्हींचा वास एकमेकींत मिसळतो आणि भांडण होत नाही. रोगाची शंका असलेली पेटी मात्र कधीही दुसरीशी जोडू नये.

पाक करण्याची आणि देण्याची रीत

उत्तेजनासाठी आणि तात्पुरत्या टंचाईसाठी साखर व पाणी समान वजनाने घ्यावे: 1 किलो साखरेला 1 लिटर पाणी. पाणी उकळावे, भांडे चुलीवरून उतरवावे आणि मगच साखर घालून ती पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे. साखर घातल्यानंतर पाक उकळत ठेवू नये, कारण साखर करपली किंवा तांबूस झाली तर त्यात माश्यांना अपायकारक द्रव्ये तयार होतात. गूळ, काकवी, खांडसरी वापरू नये. त्यांतील मळीमुळे माश्यांना हगवण लागते आणि पेटीच्या दारावर पिवळे-तपकिरी डाग दिसू लागतात. बाजारातला मध पाजणे सर्वांत धोक्याचे, कारण त्यातून दुसऱ्याच्या पेटीतला रोग आपल्या पेटीत येऊ शकतो. साठा वाढवायचा असेल तेव्हा 1 लिटर पाण्याला 2 किलो साखर घेतात, परंतु हिवाळा सरताना असा घट्ट पाक देण्याचे कारण क्वचितच असते. त्याची जागा पावसाळ्यापूर्वी आहे.

पाच-सहा चौकटींच्या वसाहतीला एका वेळी 200 ते 250 मिलिलिटर पाक एक दिवसाआड पुरतो. सकाळपर्यंत भांडे कोरडे झाले पाहिजे. उरला, तर पुढच्या वेळी प्रमाण कमी करावे. आंबलेला पाक फेकून द्यावा व भांडे गरम पाण्याने धुवावे. भांड्यासाठी खर्च करण्याची आवश्यकता नाही. घासून स्वच्छ केलेली नारळाची करवंटी पेटीच्या आत, चौकटींच्या बाजूला रिकाम्या जागेत बसवावी आणि पाकावर सुक्या काड्या तरंगत ठेवाव्यात, म्हणजे माश्या त्यांवर बसून पितात व बुडत नाहीत. झाकणाला बारीक भोके पाडलेली काचेची बरणी चौकटींच्या माथ्यावर उपडी ठेवली तरी चालते. मात्र ती उपडी करून थेंब गळायचे थांबेपर्यंत पेटीबाहेर धरावी.

पाक नेहमी सूर्य मावळल्यावर, सर्व गरजू पेट्यांना एकाच संध्याकाळी द्यावा. दिवसा दिलेल्या किंवा जमिनीवर सांडलेल्या पाकाचा वास लागला की बलवान वसाहतीच्या माश्या दुबळ्या पेटीवर तुटून पडतात, आणि सातेरीमध्ये ही लूट एकदा सुरू झाली की थांबवणे फार अवघड जाते. त्यासाठी पाक चालू असेपर्यंत पेटीचे दार दोन-तीन माश्या एका वेळी जातील इतकेच उघडे ठेवावे. उघड्या परातीत सर्वांसाठी पाक ठेवण्याची पद्धत पूर्णपणे टाळावी. त्यात बलवान पेट्या पितात, दुबळ्या उपाशी राहतात आणि रोग मात्र सर्वांना वाटला जातो.

सलग मळभ असेल, हवा दमट असेल आणि पाक आंबण्याची भीती असेल, तर घरच्या मधात मळलेला साखरेचा गोळा उपयोगी पडतो. त्यासाठी साखर घरीच दळावी, कारण दुकानातल्या काही पिठीसाखरेत मक्याचे पीठ मिसळलेले असते. चार भाग पिठीसाखरेत सुमारे एक भाग आपल्याच निरोगी पेटीतला मध घालून पोळीच्या कणकेहून घट्ट गोळा मळावा, लिंबाएवढा भाग कागदात गुंडाळून कागदाला खालून चीर द्यावी व तो चौकटींच्या माथ्यावर ठेवावा. तीन दिवसांत न खाल्लेला तुकडा काढून टाकावा. तो ओलसर होऊन मुंग्यांना आमंत्रण देतो.

मोहोरावरील फवारणी

तुडतुडे आणि फुलकीड यांच्यासाठी आंब्यावर फवारल्या जाणाऱ्या इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, लॅम्डा सायहॅलोथ्रिन यांसारख्या औषधांचा मधमाश्यांवर अतिशय घातक परिणाम होतो. कोकणात या काळात पेट्यांचे जे नुकसान होते त्यात भुकेइतकाच, आणि माझ्या मते भुकेहून मोठा, वाटा याचा आहे. बागायतदारांशी वैर धरून हा प्रश्न सुटत नाही. त्यांचे वर्षाचे उत्पन्न त्या मोहोरावर अवलंबून असते. हंगामाच्या आरंभीच शेजारच्या बागांच्या मालकांना भेटावे, पेट्या कोठे आहेत ते दाखवावे, फवारणीच्या आदल्या दिवशी निरोप देण्याची विनंती करावी, आणि शक्य तेथे पूर्ण उमललेल्या मोहोरावर फवारणी टाळण्याबद्दल व करायचीच झाल्यास माश्या घरी परतल्यानंतर, संध्याकाळी करण्याबद्दल बोलावे. फुले उमलण्यापूर्वीची फवारणी वेळेवर झाली तर पुढच्या फवारण्यांची संख्या कमी होते, हा मुद्दा त्यांच्याही हिताचा असल्याने तो सहसा पटतो.

निरोप मिळाल्यावर रात्री दाराला बारीक जाळी लावावी. जाळीऐवजी फडके कोंबू नये. फेब्रुवारीच्या दुपारी कोंडलेली वसाहत काही तासांत गुदमरून मरते. आत करवंटीभर पाक आणि ओला स्पंज ठेवावा, वर झावळ्यांची सावली करावी, आणि एका दिवसाहून अधिक काळ पेटी बंद ठेवू नये. फवारण्या लागोपाठ होणार असतील तर पेट्या रात्रीच किमान तीन किलोमीटर दूर, एखाद्या काजूच्या किंवा रानाच्या कडेला हलवाव्यात. दारासमोर जीभ बाहेर काढून मेलेल्या, गिरक्या घेणाऱ्या माश्या मोठ्या संख्येने दिसल्या, तर विषबाधा झाली आहे असे समजावे. उघड्या कोठ्यांतील नवा पराग काढून टाकावा आणि पातळ पाक द्यावा, कारण रानात जाणाऱ्या माश्याच मेल्यामुळे अशा वसाहतीला आठवडाभर बाहेरून काहीच मिळत नाही.

रोग, कीड आणि शत्रू

थायी सॅकब्रूड हा विषाणूजन्य रोग सातेरीचा सर्वांत मोठा वैरी आहे. 1991 नंतर दक्षिण भारतात त्याने सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या. या रोगात कोशावस्थेत जाण्यापूर्वीच अळी मरते, तिचे अंग पाण्याने भरलेल्या पिशवीसारखे होते, डोके वर वळून होडीसारखा आकार येतो, आणि तिच्या कोठीचे झाकण अर्धवट कुरतडलेले दिसते. यावर औषध नाही. पेटी इतरांपासून दूर न्यावी, तिच्या चौकटी दुसऱ्या पेटीत घालू नयेत, हात व हत्यारे साबणाने धुवावीत, आणि काही काळ राणीला पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवावीत, म्हणजे माश्यांना कोठ्या साफ करायला अवसर मिळतो. रोगाला तोंड देऊन टिकलेल्या वसाहतींपासूनच पुढे राण्या वाढवाव्यात.

सातेरी युरोपीय माशीप्रमाणे झाडांचा डिंक आणून फटी बुजवत नाही. त्यामुळे पेटीतील प्रत्येक फट मेणपतंगाच्या अंड्यांसाठी आणि मुंग्यांसाठी उघडी राहते; ती आपणच मेणाने किंवा बाहेरून शेणमातीने लिंपावी. तळपाटावरचा चुरा दर आठवड्याला झाडून पेटीपासून दूर टाकावा, आणि माश्यांनी न झाकलेली जुनी काळी पोळी काढून घ्यावीत. पेटी चिऱ्यांवर ठेवलेली असेल तर तिच्याखाली पाय असलेली लाकडी घडवंची घालावी आणि प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत ठेवावा. माघाच्या उन्हात या वाट्या लवकर सुकतात व डोंगळे एका रात्रीत पेटी गाठतात, म्हणून वाट्या रोज पाहाव्यात.

वसाहत फुटण्याचे दिवस

पाक आणि फुलोरा एकत्र आले की वसाहत झपाट्याने वाढते व फुटायच्या, म्हणजे राणी काही माश्या घेऊन नवे घर करायला उडून जाण्याच्या, तयारीला लागते. नरांच्या कोठ्यांची टणक झाकणे आणि त्यांच्या मधोमध असलेले बारीक छिद्र ही सातेरीची खूण आहे. ती दिसू लागली की पोळ्याची खालची कड दर आठवड्याला तपासावी. तेथे राणीघरे (नव्या राणीच्या मोठ्या कोठ्या) लोंबू लागली, तर पाक ताबडतोब बंद करावा. आठ चौकटी माश्यांनी भरलेल्या असतील तर आपणच विभाजन करावे: जुन्या राणीसह तीन चौकटी नव्या पेटीत घेऊन ती थोड्या अंतरावर ठेवावी, मूळ जागी एक-दोन चांगली राणीघरे राहू द्यावीत. रानातल्या माश्या मूळ जागी परततात, म्हणून नव्या पेटीला आठवडाभर थोडा पाक द्यावा लागतो. मूळ पेटीत नवी राणी बाहेर पडून, उडून, तिची अंडी दिसेपर्यंत साधारण दोन आठवडे किंवा थोडे अधिक लागतात. त्या काळात पेटी उघडू नये. जवळच्या तारेवर वेडे राघू बसत असतील तर विभाजनासाठी दाट सावलीची, झाडांनी वेढलेली जागा निवडावी, कारण मिलनासाठी उडालेली राणी त्यांच्या तावडीत सापडली तर सगळी मेहनत वाया जाते.

शिमगा जवळ आला की थंडीची चिंता संपते आणि उन्हाची सुरू होते. अंडी-अळ्यांच्या भागाचे तापमान 34-35 अंशांच्या आसपास राखण्यासाठी माश्या पंखांनी वारा घालतात व पाणी आणून शिंपडतात. पेट्या दुपारच्या उन्हातून हलवाव्यात, वर झाप टाकावा, आणि जवळच उथळ मातीच्या भांड्यात काथ्या किंवा खडे घालून पाणी ठेवावे. हे भांडे कधी कोरडे पडू देऊ नये, नाहीतर माश्या शेजाऱ्यांच्या विहिरीवर आणि नळावर जाऊ लागतात.

पेटीत नवा मकरंद चमकू लागला, पोळ्याच्या कडेला पांढरे ताजे मेण दिसू लागले, की पाक पूर्ण थांबवावा आणि करवंट्या बाहेर काढाव्यात. मधकोठी (मध साठवण्यासाठी पेटीवर बसवायचा वरचा कप्पा) त्यानंतर, पाक संपून आठवडा उलटल्यावरच चढवावी. अन्यथा साखरेचा पाकच मधाच्या कोठ्यांत भरला जातो आणि तो मध म्हणून विकणे ही फसवणूक ठरते. मधकोठीतील चौकटीच्या तीन चतुर्थांश कोठ्यांवर मेणाचे झाकण आल्याखेरीज मध काढू नये, कारण किनाऱ्याच्या दमट हवेत कच्चा मध लवकर आंबतो. खालच्या पेटीतील मधाला मात्र हात लावू नये. मृगापासून पुढे माश्यांना त्याच साठ्यावर दिवस काढायचे असतात.